देवकुंडाची पायवाट

ताम्हिणी घाटाने पुण्याहून कोकणात उतरताना मुळशीचा तलाव उजव्या हाताला बराच वेळ सोबत करतो, आणि त्या विस्तीर्ण, निश्चल पाण्याकडे गाडीच्या खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानीमनीही नसते की, सृष्टीच्या मूळ योजनेप्रमाणे हे पाणी मुळेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरास जावयाचे होते. प्रत्यक्षात मात्र ते सह्याद्रीच्या कड्यावरून लोखंडी नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात लोटले जाते आणि कुंडलिकेच्या पात्रातून रेवदंड्याच्या खाडीवाटे अरबी समुद्राला मिळते. त्याच भिऱ्याच्या पाठीशी, डोंगराच्या त्याच भिंतीत, जवळजवळ तितक्याच उंचीवरून उतरणारे दुसरे एक पाणी आहे. त्याला कोणी वळवलेले नाही, त्याच्यावर कोणाचा करारनामा नाही, आणि वर्षातले काही महिने ते जवळजवळ नाहीसेही होते. हे पाणी जिथे शेवटची उडी घेऊन एका खोल डोहात स्थिरावते, त्या जागेला देवकुंड म्हणतात.

रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पुण्याहून शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरांवर, विळ्याच्या फाट्यावरून पाटणूसमार्गे गेले की भिरा लागते. गावापासून देवकुंडापर्यंतची वाट पाच-सहा किलोमीटरांची, आणि रमतगमत जाणाऱ्या माणसाला दोन-अडीच तासांची आहे. अलीकडे अशा चालण्याला सरसकट ‘ट्रेक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्या शब्दाशी माझे वैर नाही. पण पाठीवर फुगलेली पिशवी, हातात दोन काठ्या आणि मनगटावर पावले मोजणारे यंत्र असल्यावाचून जंगलात पाऊल टाकता येत नाही, अशी जी एक समजूत त्या शब्दाबरोबर आली आहे, ती खरी मानली तर भिऱ्याच्या ज्या बायका डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन हीच वाट अनवाणी उतरतात, त्या काय करतात, हे सांगणे अवघड होईल.

गेल्या कार्तिकात, देवकुंडाकडे जाण्यावरची पावसाळ्यातली मनाई उठल्यानंतर, मी तिथे गेलो. गावातल्या एका घरी जेवणाची वर्दी दिली, वाटाड्या म्हणून त्या घरचाच विशीतला मुलगा बरोबर घेतला, आणि सकाळी सातच्या सुमारास निघालो. वाटेचा पहिला भाग जंगलाचा नाहीच. तो भिऱ्याच्या जलाशयाच्या काठाकाठाने जाणारा, सपाट आणि उघडा आहे. एका अंगाला डोंगराची सावली पडलेले काळेशार पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची कापणी झालेली खाचरे, आणि मान मागे वळवली तर कड्यावरून उतरलेल्या त्या जलवाहिन्या. त्यांच्याकडे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये असे मला वाटते. कारण या खोऱ्यात पाण्याचे काय मोल आहे, ते धबधब्यापाशी कळत नाही, इथे कळते.

सह्याद्रीचा माथा आणि कोकणची तळपट्टी यांच्यात इथे सुमारे पाचशे मीटरांचा फरक आहे. पाणी इतक्या उंचीवरून खाली आले की त्याच्या अंगी प्रचंड शक्ती येते, हे कोकणातल्या कोणाही माणसाला ठाऊक होते. ती शक्ती नळांत कोंडून मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या चालवता येतील, हे टाटांच्या उद्योगसमूहाने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्षात आणले. प्रथम १९१५ साली खोपोली, मग १९२२ साली भिवपुरी, आणि तिसरे वीजघर १९२७ साली भिऱ्याचे. भिऱ्यासाठी मुळेवर मुळशीजवळ धरण बांधावे लागले, आणि त्या धरणाखाली मुळशी पेट्यातील सुमारे ५२ गावांच्या जमिनी जावयाच्या होत्या. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या बाजूने उभा केला, मोबदल्याचे हुकूम निघाले, आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर बसून काम बंद पाडले. तो मुळशीचा सत्याग्रह. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात, आणि विनायकराव भुस्कुटे यांचे नावही त्याच्याशी कायमचे जोडले गेले. लढा तीन वर्षांहून अधिक चालला. त्याच्या अखेरच्या पर्वात बापटांनी धरणाच्या कामाची आगगाडी अडवली, त्यापायी सात वर्षांचा तुरुंगवास भोगला, आणि धरण मात्र झाले.

या हकिकतीतली जी गोष्ट आपण सहसा सांगत नाही ती अशी की, बुडणाऱ्या जमिनींचा बराच भाग कागदोपत्री कसणाऱ्याच्या नावावर राहिलाच नव्हता. गहाणखते आणि खरेदीखते यांच्या वाटेने तो पुण्याच्या सावकारांकडे गेलेला होता. मोबदल्याचा प्रश्न निघाला तेव्हा ज्याचे नाव दप्तरात होते त्याच्या हाती रोकड पडणार होती, आणि ज्याची हाडे त्या मातीत झिजली त्या कुळाच्या वाट्याला स्थलांतर येणार होते. सत्याग्रहींच्या बाजूला फूट पडली त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. धरण म्हणजे केवळ दगडचुन्याची भिंत नव्हे, ते एक हिशेबाचे पुस्तकही असते, आणि त्यात जमेची बाजू कोणाच्या नावे लिहिली जाते हे पाणी अडण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते.

भिऱ्याचे वीजघर आजही चालू आहे. १९९०च्या दशकात तिथे एक नवे संयंत्र बसवण्यात आले. ते विजेची मागणी मोठी असेल तेव्हा पाण्यापासून वीज काढते, आणि मागणी ओसरली की तीच वीज परत खर्चून खालचे पाणी वर मुळशीच्या तलावात चढवते. म्हणजे या डोंगरात असे एक पाणी आहे की जे दिवसा कडा उतरते आणि रात्री तोच कडा चढते. खाली कोलाडला लोक रबरी होड्यांत बसून फेसाळत्या प्रवाहातून वाहत जाण्याची मौज करतात, तीही याच पाण्याच्या जिवावर. सकाळी वरून पाणी सुटले की नदी भरते, थोड्या तासांनी ओसरते, आणि भर उन्हाळ्यातही कुंडलिकेला पूर येतो तो घड्याळ पाहून.

जलाशयाचा काठ संपला की वाट डावीउजवीकडे किंचित अडखळते, एक ओहोळ ओलांडते, आणि पाहता पाहता आपण झाडीत शिरलेले असतो. उजेडाचा रंगच बदलतो. हे वन सदाहरितही नव्हे आणि पूर्णपणे पानझडीही नव्हे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर या दोहोंच्या सरहद्दीवर जे मिश्र रान माजते, त्यातले ते आहे. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, ओढ्याकाठी उंबर, आणि चढ लागला की काळसर खोडाचा, तकतकीत पानांचा अंजन. झाडांखाली कारवीचे दाट झुबके असतात. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, आणि त्या वर्षी सारा उतार जांभळा होऊन जातो. एरवी तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही, परंतु तिच्या सरळ काटक्या एकमेकींत गुंफून, वर शेणमातीचा लेप देऊन केलेल्या कुडाच्या भिंतींत या भागातल्या कित्येक पिढ्या राहिलेल्या आहेत. वाटाड्याने एके ठिकाणी थांबून वरच्या फांद्यांकडे बोट केले. दोन झाडांच्या शेंड्यांमध्ये पानाकाटक्यांचा एक गोळा होता, ते शेकरूचे घरटे; एका शेकरूची अशी तीन-चार घरटी असतात, आणि रात्र कोणत्या घरात काढायची ते त्याचे तोच ठरवतो. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे मी त्या मुलाला सांगितले. तो म्हणाला, ‘‘आमी त्याला आंबे खाणारा म्हणतो.’’ माझ्या माहितीपेक्षा त्याची माहिती अधिक उपयोगाची होती, हे मान्य करावे लागेल.

या रानात चालण्याची एक रीत आहे, आणि ती पुस्तकांतून शिकता येत नाही. ओढ्यातले गोटे दोन जातींचे असतात: जे दरवर्षी पुराने उलटतात ते, आणि जे वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत ते. पहिल्या जातीचे दगड खडबडीत, फिकट आणि पायाला विश्वासू. दुसऱ्यांवर हिरवट-काळा शेवाळाचा थर चढलेला असतो, आणि तो कोरडा दिसला तरी तसा नसतो. ‘‘काका, त्या काळ्यावर नका देऊ पाय,’’ असे त्याने म्हणेपर्यंत मी त्या काळ्यावर पाय दिलेला होता. सुदैवाने पाणी गुडघ्याएवढेच होते, आणि भिजली ती फक्त विजार आणि थोडीशी प्रतिष्ठा. त्यानंतर मात्र मी त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चाललो. तो पुढे गेला की क्षणभर थांबे, दगडाला पायाने हलकेच दाबून पाही, आणि मगच भार देई. हे सारे इतक्या सहज होत असे की तो थांबतो हे मला दुसऱ्या ओढ्यापर्यंत कळलेच नव्हते.

तिसऱ्या ओढ्यापाशी शीळ ऐकू आली. एखाद्या बेफिकीर पोराने घरी परतताना वाजवावी तशी ती होती, लांबलेली आणि सुरात किंचित ढळणारी; पण तिथे पोर कोणी नव्हते, दाट निळ्याकाळ्या रंगाचा एक कस्तूर पाण्यातल्या खडकावर बसला होता. हा पक्षी वाहत्या पाण्याजवळ राहतो, आणि पाण्याच्या गदारोळातूनही ऐकू जाईल अशीच त्याच्या गळ्याची पट्टी आहे. त्याची शीळ कानी पडली की धबधबा फार दूर नाही असे समजावे, हे वाटाड्याचे म्हणणे. आणि थोड्याच वेळात चढ संपून झाडांमधून एक गार, ओला वारा अंगावर आला, तेव्हा ते खरे ठरले.

देवकुंड हे दृश्य म्हणून वर्णावे तर त्याचे वर्णन अगदी थोडक्यात संपते: तिन्ही बाजूंनी उभे ठाकलेले काळे कातळ, त्यांच्या माथ्यावरून सरळ खाली येणारी पांढरी धार, आणि तळाशी हिरव्यानिळ्या पाण्याचा डोह. परंतु ते तसे का आहे, हे समजून घेऊ लागले की दृश्यापेक्षा मोठी गोष्ट हाती लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पृथ्वीच्या पोटातून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर पडला आणि थरांवर थर रचत गेला. थिजलेल्या त्या थरांचा खडक म्हणजे आपला काळा पाषाण, ज्याला भूशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. हे थर सारख्या बळाचे नसतात. काही घट्ट आणि एकसंध असतात. काहींमध्ये लाव्हा थंड होताना अडकलेल्या वाफेच्या बुडबुड्यांची छिद्रे राहिलेली असतात, ते ठिसूळ असतात. वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असला की पाणी आणि तुषार खालचा थर आधी पोखरतात, वरचा पुढे झुकल्यासारखा राहतो, आणि धार भिंतीला न चिकटता मोकळ्या हवेतून सुटी पडते. कालांतराने पुढे आलेला कातळ आपल्याच भाराने कोसळतो, आणि धबधबा तेवढा मागे सरतो. सह्याद्रीतला प्रत्येक धबधबा असा माथ्याच्या दिशेने माघार घेत चाललेला आहे. माणसाच्या आयुष्यात ते दिसत नाही, एवढेच. देवकुंडाच्या वरच्या अंगाला ताम्हिणीजवळच्या ज्या खिंडीला आज ‘प्लस व्हॅली’ म्हणतात, ती याच प्रवाहाने मागे सरता सरता चिरत नेलेली घळ आहे.

आणि कुंड? ते धारेने खोदलेले आहे, पण निव्वळ पाण्याने नव्हे. पाणी आपल्याबरोबर गोटे आणते. ते गोटे तळाच्या खोलगटात सापडतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात, आणि जात्यासारखे आपल्या भोवतीचा कातळ दळत राहतात. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे पाहायला लोक जातात, त्यांचे शिल्पकारही हेच गोटे. देवकुंडात फरक इतकाच की इथे जाते उभ्या धारेखाली आहे, आणि म्हणून ते फार खोल गेले आहे.

याच खोलीत या जागेचे सारे भय साठलेले आहे. काठावरून पाहणाऱ्याला डोह शांत वाटतो, आणि ज्याला गावच्या विहिरीत किंवा तलावात उत्तम पोहता येते त्याला तर तो आमंत्रणासारखा वाटतो. परंतु धारेखालचे पाणी हवेच्या बुडबुड्यांनी फुललेले असल्यामुळे हलके असते, आणि हलक्या पाण्यात माणसाचे शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. शिवाय वरून पडणारा लोट तळाशी जाऊन उलटा फिरतो आणि जे हाती लागेल ते पुन्हा धारेखाली ओढून नेतो. त्यात कड्याच्या सावलीतले पाणी कार्तिकातसुद्धा असे गार असते की अंगाला स्पर्श होताच श्वास अडकावा. इथे आजवर ज्यांचे प्राण गेले त्यांतले कित्येक पट्टीचे पोहणारे होते, असे गावकरी सांगतात, आणि ते अविश्वसनीय वाटत नाही. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन मनाईचा हुकूम काढते, वाटेवर पोलीस आणि वनरक्षक बसतात, आणि तरीही लोक रानातून वळसा घालून जातात. हुकमाला माझा विरोध नाही. मात्र वाट बंद करण्याने गावातल्या दहा-पंधरा घरांची चूलही काही महिने मंद होते, आणि ज्या वाटाड्यांना पाण्याची रीत ठाऊक आहे त्यांनाच घरी बसवून, ज्यांना ती ठाऊक नाही त्यांना आडवाटेने सोडण्यासारखा काहीसा उलटा परिणाम त्यातून होतो. वाटाड्याशिवाय प्रवेश नाही आणि वाटाड्यांची संख्या मोजकी, असा सरळ नियम करून तो काटेकोरपणे अमलात आणला, तर मनाईची मुदत पुष्कळ आखूड करता येईल असे माझे मत आहे. ज्यांच्यावर जबाबदारी आहे त्यांचे ते वेगळे असू शकेल.

धबधब्याहूनही अधिक भ्यावयाचे असतात ते परतीच्या वाटेवरचे ओढे. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर जुलै २०२४ मध्ये एका अहोरात्रीत पाचशे मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. पुणे शहरात सबंध वर्षात पडतो त्याच्या निम्म्याहून कितीतरी जास्त. त्या डोंगरावर मातीचा थर पातळ आणि उतार उभा, त्यामुळे पडलेले पाणी मुरत नाही, धावते. माथ्यावर ढग फुटला आणि खाली ऊन पडलेले असले, तरी काही मिनिटांत लोंढा खाली पोहोचतो, आणि सकाळी ज्या ओढ्यात घोटाभर पाणी होते त्यात दुपारी पाय ठरत नाही. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात पाने आणि काटक्या येऊ लागल्या, किंवा वरच्या अंगाकडून घरघर ऐकू आली, तर ओलांडण्याच्या खटपटीत न पडता लगोलग उंच जागी जाऊन बसावे आणि पाणी उतरण्याची वाट पाहावी. ते जितक्या त्वरेने चढते तितक्याच त्वरेने बहुधा उतरतेही. धीर धरण्याला लागणारे दोन तास ज्यांना जड वाटतात, त्यांच्या शोधासाठी मग गावाला दोन दिवस घालवावे लागतात.

याच भिऱ्याचे नाव मार्च २०१७ मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले होते, कारण तिथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. मार्च येईपर्यंत देवकुंडाची धार बारीक होऊन कातळाला चिकटलेली असते, गुरे जलाशयावर पाण्याला येतात, आणि रानातल्या वाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन ओढ्यातले झरे उकरतात. वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या डोंगराच्या पायथ्याला ही अवस्था यावी, याचे आश्चर्य बाहेरच्या माणसालाच वाटते. कातळावर पाणी टिकत नाही; जे टिकते ते धरणात, आणि धरणातले पाणी कोणासाठी आहे ते १९२७ सालीच ठरून गेलेले आहे.

आम्ही कुंडापाशी तासभर बसलो. मी पाण्यात उतरलो नाही. काठच्या उथळ दगडांमध्ये पाय सोडले तेवढेच. थोड्या वेळाने आणखी एक टोळके आले, त्यांच्यातल्या एकाने खिशातून गाणे वाजवणारी डबी काढली, आणि धबधब्याच्या आवाजावर मात करण्याचा तिने जो प्रयत्न केला तो केविलवाणा होता. दहा मिनिटांनी त्याने ती स्वतःच बंद केली. निघताना वाटाड्याने दगडांच्या फटीतून तीन रिकाम्या बाटल्या आणि एक फाटकी वहाण उचलून पोत्यात टाकली. ते पोते तो सकाळी घरातूनच घेऊन निघाला होता, आणि त्याचे प्रयोजन माझ्या तोपर्यंत लक्षात आले नव्हते.

दुपारी त्याच्या घरच्या पडवीत जेवलो. तांदळाची भाकरी, पिठले, सुक्या जवळ्याची चटणी. त्याच्या आईने विचारले, पाणी कसे आहे वर. मी म्हणालो, भरपूर आहे. ‘‘माघापर्यंत राहील,’’ ती म्हणाली, आणि वाढायला वाकली. मुलगा हिवाळ्यात कोलाडला होड्यांवर कामाला जातो. सकाळी पाणी सुटण्याची वेळ झाली की तो वल्हे घेऊन उभा असतो, आणि त्याच्यापुढून जे पाणी जाते त्यात नळांतून आलेले किती आणि कुंडातून आलेले किती, हे मी त्याला विचारले.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, क्षणभर विचार केला, आणि म्हणाला, ‘‘नळाचं गार असतं काका. तळ्यात खोल राहिलेलं ना ते. हात घातला की समजतं.’’